उपटली तरी उगवते

आक्कांच्या ओसरीवर एक कॉम्प्युटर आहे. तो बचत गटाचा आहे. गटातल्या बारा जणींनी पैसे साठवून तो घेतला. गटाचा हिशोब त्यावर असतो. गटाचे बँकेचे खातेही त्यावरच बघतात. आक्का गटाच्या सचिव आहेत. रोज सकाळी त्या कॉम्प्युटर फडक्याने पुसतात. काम झाले की वर क्रोशाचे झाकण घालतात.

एका रविवारी तात्या आले. तात्यांना पीककर्ज काढायचे होते. सोसायटीत सोमवारी कागद द्यायचे होते. सगळे कागद जमले होते. सातबारा तेवढा राहिला होता.

"आक्का, तुमच्या ह्या डब्यावर सातबारा निघतो का हो?"

"निघतो की. बसा तात्या. चहा टाकते."

आक्कांनी ब्राउझर उघडला. ब्राउझर म्हणजे इंटरनेटच्या गावात शिरायची वेस. कुणाकडे क्रोम असतो, कुणाकडे फायरफॉक्स, कुणाकडे एज. आक्कांकडे क्रोम आहे. एरवी तो उघडला की गूगलचे पांढरे पान दिसायचे. आज ते दिसले नाही. भलतेच पान आले. एका कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्या कोपऱ्यात हवामान, मधे शोधायची चौकट. आक्कांना वाटले, नवीन आले असेल काही. त्यांनी चौकटीत 'सातबारा' लिहिले. खाली सात-आठ ओळी आल्या. पहिल्या ओळीवर त्यांनी बटण दाबले.

पान सरकारी वाटत होते. वर झेंडा होता, शिक्का होता. त्याने गट नंबर मागितला. नाव मागितले. आधार नंबर मागितला. तात्यांनी सगळे सांगितले. मग काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला. खाली लिहिले होते, 299 रुपये भरा. तात्यांनी मोबाईल समोर धरून पैसे भरले.

सातबारा आला नाही. चक्र नुसते फिरत राहिले.

तेवढ्यात आक्कांची नात आली. ती बारावीत आहे. तिने पडद्यावर पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, हे पान परवापासून येतंय. मी दोनदा काढून टाकलं. परत येतंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

नात गप्प बसली. मग हळूहळू तिने सगळे सांगितले. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. चार कागद जोडून एकच फाइल करायची होती. त्यासाठी तिने इंटरनेटवरून एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला. तो बसवताना एकामागून एक चौकटी आल्या. ती 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेली. चौकटीत काय लिहिले आहे ते तिने वाचले नाही.

पोरीला बोल लावू नका. शिकलेली माणसेही हेच करतात. त्या चौकटीत बारीक अक्षरांत एक ओळ असते. तिच्या डाव्या बाजूला बरोबरची खूण आधीच केलेली असते. आपण नुसते पुढे गेलो की आपली संमती आहे असे धरतात. मोठ्या कंपन्यांनीही हे केलेले आहे. जावा नावाचा प्रोग्राम जगभर लाखो कॉम्प्युटरांवर आहे. तो ओरॅकल कंपनीचा. तो बसवताना 'आस्क' नावाची पट्टी ब्राउझरला चिकटायची. खूण आधीच केलेली असायची. लोक वैतागले. शेवटी 2015 साली मायक्रोसॉफ्टने त्या पट्टीच्या जुन्या आवृत्त्या नको असलेल्या प्रोग्रामांत धरल्या.

अशा चिकटवलेल्या वस्तूला इंग्रजीत अ‍ॅड-ऑन किंवा एक्स्टेंशन म्हणतात. आपण जोडणी म्हणू. सगळ्याच जोडण्या वाईट नसतात. एखादी जोडणी पानावरची अक्षरे मोठी करते. एखादी शुद्धलेखन तपासते. पण वाईट जोडणी आपले पहिले पान बदलते. आपला शोध आपल्या मालकाच्या दारावरून नेते. तिकडून ज्याने जाहिरातीचे पैसे दिले, त्याची ओळ सर्वांत वर येते. तात्यांना ती खोटी ओळ पहिली दिसली, ती अशी.

आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ जोडण्या बसताना परवानगी घेतात की, तुम्ही जे पान उघडाल ते आम्ही वाचू आणि बदलू. त्यात बँकेचे पानही आले. हे ऐकल्यावर आक्का मटकन खाली बसल्या. 299 रुपयांचे काय ते होईल, पण गटाचे खाते? बारा जणींचे पैसे त्यात आहेत.

आक्कांनी सेवा केंद्रातल्या दादाला बोलावणे धाडले. तो संध्याकाळी आला. आधी त्याने कॉम्प्युटरला हातच लावला नाही. त्याने आक्कांना विचारले, "ह्या दोन-तीन दिवसांत बँकेचं खातं ह्यावर उघडलं होतं का?"

"शुक्रवारी उघडलं होतं रे."

"मग पहिल्यांदा पासवर्ड बदला. पण ह्या कॉम्प्युटरवर नाही. तुमच्या मोबाईलवर बदला."

हे नीट समजून घ्या. घरात चोर बसला असताना त्याच्या समोर नवी किल्ली करून काय उपयोग?

पासवर्ड बदलला. मग दादाने तात्यांना 1930 हा नंबर लावायला सांगितला. कॉम्प्युटर-मोबाईलवरून पैशाची फसवणूक झाली, तर सगळ्या देशात हाच नंबर आहे. जितका लवकर लावाल तितके बरे. पैसे पुढे सरकायच्या आत कधी कधी अडवता येतात. तात्यांनी फोन केला. पैसे कधी भरले, किती भरले, कुठल्या नंबराला गेले, हे सांगितले. तक्रारीचा नंबर मिळाला. तो त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

आता जोडणी. नात म्हणाली, "दादा, मी काढून टाकली होती. मग परत कशी येते?"

"लव्हाळा उपटलायस कधी?"

"हो. पात हातात येते आणि गाठ आत राहते."

"तेच झालंय. तू पात उपटलीस. आज गाठ शोधू."

दादाने विंडोजचे सेटिंग्ज उघडले. त्यात अ‍ॅप्स, आणि त्यात इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. इथे कॉम्प्युटरवर बसवलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी असते. ती त्याने तारखेप्रमाणे लावली. ज्या दिवशी नातीने तो फुकट प्रोग्राम बसवला, त्याच दिवशीचे तीन प्रोग्राम दिसले. एक नातीचा. बाकीचे दोन कुणीच बसवले नव्हते. त्यातला एक दर वेळी कॉम्प्युटर सुरू झाला की जोडणी पुन्हा लावत होता. हीच गाठ. दादाने तिन्ही प्रोग्राम अनइन्स्टॉल केले. काढताना एकाने मोठी हिरवी चौकट दाखवली, 'ठेवा, फायदा होईल'. खाली फिकट अक्षरांत 'काढा' असे होते. तिथे घाई करू नये. बटणाचा रंग पाहून दाबू नये, अक्षर वाचून दाबावे. अक्षर शिकलो ते ह्याचसाठी.

गाठ निघाल्यावर तो क्रोमकडे वळला. उजवीकडे वर तीन ठिपके असतात. ते दाबले की एक्स्टेंशन्स, मग मॅनेज एक्स्टेंशन्स. सगळ्या जोडण्या तिथे पाटीवर मांडल्यासारख्या दिसतात. नको त्या जोडणीखाली 'रिमूव्ह' दाबायचे. फायरफॉक्स असेल तर तीन आडव्या रेघा दाबून जोडण्यांची यादी उघडायची.

पण इथे रिमूव्ह बटण नव्हतेच! आणि तीन ठिपक्यांच्या यादीत तळाशी एक ओळ होती, 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'. म्हणजे, हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या हुकमाने चालतो.

"कसली संस्था?" आक्का म्हणाल्या. "आमच्या गटानं तर काही हुकूम दिलेला नाही."

ऑफिसातल्या किंवा शाळेतल्या कॉम्प्युटरवर ही ओळ असेल तर ठीक आहे. तिथे साहेब लोक सगळ्या कॉम्प्युटरांना एकच नियम लावतात. आक्कांसारख्या घरच्या कॉम्प्युटरवर ती अचानक दिसली, तर कुणीतरी साहेबाचे सोंग घेऊन आत नियम लिहिला आहे अशी शंका घ्यावी. तो नियम विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या वहीत असतो. दादाने आधी त्या वहीची नक्कल काढून ठेवली. मग क्रोमच्या नावाचा तो नियम खोडला. हे काम आपण करू नये, जाणत्याकडून करून घ्यावे. त्या वहीत भलतीच ओळ खोडली तर विंडोज चालू व्हायचे नाही. नियम गेला आणि रिमूव्ह बटण दिसू लागले. नातीने स्वतः ते दाबले.

मग पहिले पान आणि शोधाची चौकट पूर्ववत करायची होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट' आहे. त्याने जोडण्या बंद पडतात आणि पहिले पान जागेवर येते. जपून ठेवलेले पासवर्ड आणि खुणेची पाने जात नाहीत, त्यामुळे भिऊ नये. जुनी माहिती वाचून लोक क्रोममध्ये 'क्लीन अप कॉम्प्युटर' शोधत बसतात. ती सोय 2023 साली काढून टाकली आहे. शोधू नका.

एक चोरवाट राहिली होती. पडद्यावर क्रोमचे रंगीत चित्र असते. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडायचे. तिथे 'टार्गेट' नावाची एक लांब ओळ असते. तिच्यात क्रोम डॉट ईएक्सई हे शब्द असतात. त्यांच्यापुढे भलत्याच वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला होता. म्हणून क्रोम उघडला की आधी तेच पान यायचे. दादाने तो पत्ता खोडला.

शेवटी त्याने विंडोजमधलेच सिक्युरिटीचे साधन उघडून सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला. त्याला बराच वेळ लागतो. आक्कांनी भात टाकला. सरकारचेही सायबर स्वच्छता केंद्र आहे. ते 2017 साली सुरू झाले. तिथून सफाईची साधने फुकट मिळतात. 'तुमचा कॉम्प्युटर बिघडला आहे, इथे दाबा' असे सांगत जी चौकट आपणहून उड्या मारत येते, तिचे औषध मात्र घेऊ नये. बहुतेक वेळा तेच दुखणे असते.

जेवताना दादाने एक हकीकत सांगितली. 2014 सालापासून लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाच्या कंपनीचा प्रोग्राम कारखान्यातूनच बसवून येत होता. तो पानांमध्ये जाहिराती घुसवायचा. शिवाय त्याने कॉम्प्युटरमध्ये स्वतःचे एक खोटे ओळखपत्र ठेवले होते. त्यामुळे बँकेच्या कुलूपबंद पानातही त्याला डोकावता यायचे. 2015 च्या फेब्रुवारीत हे उघड झाले. लोकांनी प्रोग्राम काढला, तरी ओळखपत्र आतच राहिले. ते वेगळे काढावे लागले. 2017 साली अमेरिकेत कंपनीने 32 राज्यांना मिळून 35 लाख डॉलर द्यायचे कबूल केले.

"म्हणजे नवा लॅपटॉप घेतला तरी हे आहेच म्हणा," तात्या म्हणाले.

"आणि चांगली जोडणीही नासते, तात्या. द ग्रेट सस्पेंडर म्हणून एक होती. कॉम्प्युटर हलका करायची. वीस लाखांवर लोक वापरत होते. 2020 साली ती दुसऱ्या मालकाला विकली गेली. 2021 च्या फेब्रुवारीत गूगलने ती घातक म्हणून बंद केली. लोकांना पत्ताही नव्हता की मालक बदललाय."

2020 सालीच सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनेही लोकांना सावध केले होते. त्या वेळी गूगलने अशा 100 हून जास्त जोडण्या काढून टाकल्या होत्या. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ती पाटी उघडून बघावी. जी जोडणी लागत नाही ती ठेवू नये.

मोबाईलवरच्या क्रोमला अशा जोडण्या सहसा लागत नाहीत. तिथला त्रास वेगळा. एखाद्या पानाला आपण चुकून 'अलाऊ' म्हणतो आणि मग दिवसभर त्याच्या जाहिराती वर टपकत राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे त्या पानाचे नाव शोधून बंद करावे.

तपासणी संपली. दादाने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. क्रोम उघडला. गूगलचे पांढरे पान आले. नात म्हणाली, "परत एकदा करा." परत केले. पांढरेच पान आले.

मग सातबारा. ह्या वेळी आक्कांनी चौकटीत शोधले नाही. सरकारी पत्ता त्यांनी वहीत लिहून घेतला आणि एकेक अक्षर बघून वर टाकला. शेवटी गव्ह डॉट इन आहे की नाही, ते दोनदा पाहिले. नुसता बघायचा सातबारा तिथे फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर थोडी फी भरावी लागते. तात्यांना सहीचा हवा होता. फी भरायची म्हटल्यावर त्यांचा हात मोबाईलवरच थांबला. त्यांनी पडद्यावरचा पत्ता स्वतः बोट ठेवून वाचला. अक्षर अक्षर लावून वाचला. मग पैसे भरले.

सोमवारी कागद सोसायटीत पोचले. 299 रुपये अजून परत आलेले नाहीत. तक्रारीचा नंबर पंचांगात आहे, आणि तात्या दर आठवड्याला तिचे काय झाले ते विचारतात.