हायस्कूलला निघालात? मग एवढं ऐका

पोरांनो, जूनमध्ये तुम्ही गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून हायस्कूलला जाणार. कुणाची शाळा चौथीला संपते, कुणाची सातवीला. मी बोलतेय ते मुख्यतः सातवी करून आठवीत येणाऱ्यांशी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी वर्षानुवर्षं आठवीचा वर्ग सांभाळला आणि वाड्यावस्त्यांवरून येणारी नवी मुलं दर जूनला जवळून पाहिली.

गावच्या शाळेत गुरुजींना तुमचं घर ठाऊक असतं. दोन दिवस शाळेत दिसला नाहीत तर निरोप येतो. हायस्कूलमध्ये एका वर्गात पन्नास-साठ मुलं, दर तासाला वेगळे सर, आणि कामासाठी ऑफिसची खिडकी. तिथं माणसं वाईट नसतात, पण तुम्हाला शोधत कुणी येत नाही. म्हणून दप्तर-बुटांच्या खरेदीला मी तयारी म्हणत नाही. आपलं काम आपल्या तोंडानं सांगता येणं, ही खरी तयारी. हुशार पोरं मागे पडताना मी पाहिली आहेत, ती बहुतेक इथंच अडलेली असायची.

कोण, काय, कधी

ऑफिसच्या खिडकीशी येऊन, थोडा वेळ उभं राहून, काही न बोलता परत जाणारी मुलं दर वर्षी असतात. आत क्लार्क मान खाली घालून लिहीत असतात, बाहेर मूल वाट बघत असतं, तेवढ्यात घंटा होते. अशा एका मुलीला मी खिडकीशी नेलं आणि काय बोलायचं ते आधी माझ्याशी बोलून घ्यायला लावलं. "सर, मी आठवी ब मधली. मला एसटीच्या पाससाठी बोनाफाईड पाहिजे. कधी मिळेल?" बस, एवढंच. मी कोण, मला काय हवं, ते कधी मिळेल. पुढं ती पोरगी वस्तीवरच्या लहान मुलांचीही कामं करून द्यायला लागली.

या सुट्टीत घरी सराव करा. दुकानात जाऊन वहीचा भाव विचारा, एसटी स्टँडवर चौकशी खिडकीत गाडीची वेळ विचारा, बँकेत आईच्या पासबुकात नोंद करून आणा. आईबापांनी बरोबर जावं, पण दोन पावलं मागं उभं राहावं. पोराचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.

वर्गातही असंच नेमकं बोलणं कामाला येतं. "सर, समजलं नाही" म्हटलं तर सरांना काय सांगावं ते कळत नाही. "सर, तिसऱ्या पायरीत वजा कुठून आलं?" असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं. कुठं अडलं ते नेमकं सांगता यायला आधी स्वतःला ते शोधावं लागतं, आणि अर्धं गणित तिथंच सुटतं.

दाखल्यावरचं नाव वाचा

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तो पिशवीत घालू नका. घरी सगळ्यांनी बसून एकदा मोठ्यानं वाचा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मठिकाण, जात. मग आधार कार्ड शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. एका कागदावर 'ज्ञानेश्वर' आणि दुसऱ्यावर 'ज्ञानदेव' असेल, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असेल, तर ते आत्ताच पुढं आणा. हायस्कूलच्या जनरल रजिस्टरमध्ये जे चढतं तेच दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जातं. शाळेत आहात तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा रस्ता असतो. शाळा सुटल्यावर त्याच एका अक्षरासाठी खेटे घालावे लागतात.

दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र लागणार असेल तर जूनच्या आधीच सेतू केंद्रात अर्ज टाका. जून-जुलैमध्ये तिथं रांगा लागतात.

एसटी तुमची वाट बघत नाही

शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा शाळेच्या वेळेला तो प्रवास करा. गाडी किती वाजता येते, कुठं थांबते, शाळा सुटल्यावर परतीची कोणती, ती चुकली तर पुढची कधी, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशीच्या गाड्या वेगळ्या लिहा. पहिल्या शनिवारी बरीच मुलं दुपारी स्टँडवर अडकतात, ती यामुळेच.

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्या-येण्यासाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून. मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत मासिक पास मिळतो. २०२४ पासून शाळेनं यादी दिली की एसटीचे लोक शाळेत येऊन पास देऊ लागले आहेत. त्यामुळे यादीत आपलं नाव आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बस आणि गरजू मुलींना सायकली मिळतात. आपल्या तालुक्यात आहे का, तेही शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत विचारा.

आधी खरेदी करू नका

मे महिन्यात डझनभर वह्या आणून ठेवल्या की आईबापांना काम झाल्यासारखं वाटतं. पण गणिताच्या सरांना चौकटीची वही लागते, विज्ञानाच्या बाईंना एका बाजूला कोरं पान, इंग्रजीला चार रेघी, तर कुणाला फुलस्केप. दोन कच्च्या वह्या आणि दोन पेनं घेऊन शाळेत जा. पहिला आठवडा ऐका, मग घ्या. आठवीपर्यंत अनुदानित शाळेत पुस्तकं मोफत मिळतात आणि दुपारचा पोषण आहारही असतो. नववीपासून दोन्ही थांबतात, तेव्हा पैसे त्या वर्षासाठी राखून ठेवा.

एक गोष्ट मात्र आधी घ्या, ती म्हणजे दप्तरात पुस्तकं घालायला जाड प्लॅस्टिकची पिशवी. जूनच्या पावसात भिजलेलं पुस्तक वर्षभर फुगलेलंच राहतं.

आणि मुलाचे डोळे तपासून घ्या. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, हे पोरं सांगत नाहीत. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत राहतात आणि घरी वाटतं की पोरगं अभ्यासात कच्चं आहे.

दप्तर रात्री भरा

पहिल्या दिवशी फळ्यावर वेळापत्रक लिहितात. ते तीन ठिकाणी उतरवा, वहीच्या पहिल्या पानावर, कंपासपेटीच्या झाकणात आणि घरी भिंतीवर. रात्री जेवणं झाली की भिंतीवरचं वेळापत्रक वाचत दप्तर भरा. हे काम आईनं करायचं नाही. एखाद्या दिवशी भूगोलाची वही राहील, सर बोलतील, सोसा. दुसऱ्या दिवसापासून राहणार नाही.

गावच्या शाळेत एकाच गुरुजींना सगळा गृहपाठ ठाऊक असतो. इथं सात शिक्षक सात गृहपाठ देतात आणि दुसऱ्यानं किती दिला ते एकालाही माहीत नसतं. म्हणून एक छोटी वही खिशात ठेवा. तास संपला की विषय, काम आणि कधी दाखवायचं, एवढं एका ओळीत लिहा. झालं की त्या ओळीवर रेघ मारा.

सुट्टीत काय पक्कं करायचं

आठवीचं पुस्तक आधीच वाचून काढायची गरज नाही. मागचं पक्कं करा. तीसपर्यंत पाढे, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, ऋण संख्यांची चिन्हं. बीजगणितात पोरं चुकतात ती बीजगणितामुळं नव्हे, वजा-वजाच्या गोंधळामुळं. रोज पाच उदाहरणं, पण चुकलं तर कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

मराठीसाठी रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचा आणि आजीला चार वाक्यांत सांगा. ज्याला वाचलेलं सांगता येतं त्याला लिहिता येतं.

सेमी घ्यायची का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. आधीपासून सेमीत असाल तर चालू ठेवा. नसाल तर शेजारच्याचा मुलगा घेतोय म्हणून घेऊ नका. गणिताच्या शिक्षकांना भेटून मुलाची वही दाखवा आणि मग ठरवा. घेतलीच तर एक शब्दवही करा. डाव्या बाजूला न्युमरेटर, उजव्या बाजूला अंश. डिनॉमिनेटर म्हणजे छेद, रेडियस म्हणजे त्रिज्या, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण. संकल्पना तुम्हाला आधीच येत असते, फक्त नाव नवं असतं. हे एकदा कळलं की भीती निम्म्यानं कमी होते. हिंदी पूर्ण घ्यायची की संस्कृतबरोबर संयुक्त, तेही शाळेत विचारा. दोन्ही विषयांचं एकेक पुस्तक वरच्या वर्गातल्या मुलाकडून आणून चाळा.

आठवीतलीच एक परीक्षा

आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. अर्ज सुटल्यावर धावाधाव करण्यापेक्षा जुलैमध्येच वर्गशिक्षकांना विचारा, "सर, मला एनएमएमएसला बसायचंय, तयारी कधी सुरू होईल?" असं विचारणारं मूल शिक्षक विसरत नाहीत. अनुसूचित जाती आणि विमुक्त-भटक्या जमातींतल्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही आहे, तिचीही चौकशी करा.

मुलींनो, पाणी प्या

हे मी मुद्दाम मोकळेपणानं सांगते. स्वच्छतागृह कसं असेल या धास्तीनं मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते, आणि घरी सांगायचीही लाज वाटते. असं करू नका. पहिल्याच दिवशी पाण्याची जागा आणि स्वच्छतागृह बघून ठेवा. दाराला कडी नसेल, पाणी नसेल, तर दोघी-तिघी मिळून बाईंना सांगा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात जुन्या कागदात गुंडाळून दोन पॅड कायम ठेवा, पाळी अजून सुरू झाली नसली तरी. स्वतःला नाही तर मैत्रिणीला लागतील.

कुणी वाटेत, गाडीत, वर्गात अंगाला हात लावला, घाण बोललं, मोबाईलवर काही पाठवलं, तर त्याच दिवशी सांगा. मुलांनीही सांगा, मुलांवरही हे प्रसंग येतात. आई, बाई, कंडक्टर, जो आधी दिसेल त्याला. शाळेत तक्रारपेटी असते, मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते. कुणीच ऐकत नाही असं वाटलं तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर मोफत लागतो. शिक्षकांनी मारणं हेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे, हे लक्षात ठेवा.

बाक बदला

नवी मुलं आपल्याच वाडीच्या चार जणांत बसतात. पहिले चार दिवस ठीक आहे, मग बाक बदला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली, आपल्या हातानं कामं करून शिकली. खेड्यापाड्यांत हायस्कूल पोहोचलं त्यामागं असे कष्ट आहेत. तुमच्या शेजारी दुसऱ्या गावचं, दुसऱ्या घरातलं मूल बसलं तर ते तुमच्या शिक्षणाचाच भाग आहे. डबा वाटून खा. ज्या दिवशी शाळा चुकेल त्या दिवशीचा अभ्यास तेच मूल सांगणार आहे.

आईबापांसाठी दोन शब्द

पहिल्या चाचणीत मार्क कमी येतील. सातवीपर्यंत पहिला येणारा मुलगा बारावा येईल. हायस्कूलमध्ये आपापल्या शाळेत पहिली आलेली आठ-दहा मुलंमुली एकत्र आलेली असतात, हे त्याला समजावून सांगा आणि सहामाहीपर्यंत बोल लावू नका. त्याऐवजी पेपर मागा आणि कुठले प्रश्न सोडले ते दोघं मिळून बघा.

जुलैच्या शेवटी, पालकसभा असो वा नसो, रोजगार बुडाला तरी अर्धा दिवस काढून वर्गशिक्षकांना भेटा. जाताना मुलाला बरोबर न्या आणि बोलायला त्यालाच पुढं करा. तो कोण, त्याला काय अडतंय, मदत कधी मिळेल, हे त्यानं सरांना तुमच्यासमोर सांगितलं की पोरगं हायस्कूलमध्ये रुळलं असं समजा.