उरलेला रंग म्हणजे अडकलेले पैसे: डबा वर्षभर टिकवायचा कसा?



पेंटिंगचे ठेके घेताय, हार्डवेअरचं दुकान टाकायचा विचार आहे, किंवा भाड्यानं द्यायच्या खोल्या स्वतःच रंगवून घेता? मग आजचा धडा तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत डबा बंद करून दाखवला. इथे त्यामागची कारणं सविस्तर देतोय.

आधी हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा, 20 लिटरची बादली 4,000 रुपयांना पडली. म्हणजे लिटरला 200 रुपये. एका साईटवर अडीच लिटर रंग उरला, की 500 रुपये डब्यात राहिले. वर्षाला 30 साईट केल्या तर 15,000 रुपये! नव्या धंद्यात एवढ्या पैशांत चांगली घडीची शिडी आणि रोलरचा सेट येतो. आणि बहुतेक ठिकाणी हा रंग झाकण अर्धवट लावून माळ्यावर जातो आणि पुढच्या दिवाळीला दगड होऊन खाली येतो.

रंग खराब का होतो?

घरात दोन प्रकारचे रंग येतात आणि दोघांचं बिघडणं वेगळं असतं.

पहिला पाण्याचा रंग, म्हणजे डिस्टेंपर, इमल्शन, ज्याला आपण प्लास्टिक पेंट म्हणतो. यातलं पाणी उडालं की रंग सुकतो. झाकण सैल राहिलं की हेच डब्यात होतं. शिवाय पाण्याच्या रंगात जंतू वाढतात. कंपनी त्यात जंतू रोखणारं औषध घालते, पण ते डब्यातल्या रंगाच्या प्रमाणात असतं. तुम्ही वरून पाणी घातलं की औषध पातळ झालं. त्यात पाणी टाकीच्या तळातलं असेल तर काही दिवसांत आंबूस वास येतो.

दुसरा ऑइल पेंट, म्हणजे दारं, खिडक्या, ग्रिलला लागणारा इनॅमल. यातलं टर्पेंटाइन उडतंच, पण रंग खरा कडक होतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. म्हणून डब्यात जितकी मोकळी हवा, तितकी वर साय जाड.

थोडक्यात, रंगाचे शत्रू तीन: हवा, घाण आणि ऊन. पुढचं सगळं या तिघांना बाहेर ठेवण्यासाठी आहे.

कामाच्या दिवशीच घ्यायची काळजी

मूळ डब्यात ब्रश बुडवायचा नाही. लागेल तेवढा रंग वेगळ्या बादलीत काढा, पाणी किंवा टर्पेंटाइन त्यातच घाला आणि मूळ डब्याचं झाकण लगेच लावा. पेंटरला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

पातळ केलेला रंग मूळ डब्यात परत ओतायचा नाही. ही एक चूक अख्खा डबा घालवते. पातळ केलेला रंग त्याच दिवशी संपवा. थोडा उरलाच तर कपाटाच्या मागची भिंत, माळ्याचा आतला भाग अशा जागी लावून टाका.

डबा बंद करायची पद्धत

1. झाकण बसतं ती खाच ओल्या फडक्यानं पुसा. ऑइल पेंट असेल तर फडक्याला टर्पेंटाइन लावा. खाचेत सुकलेला रंग राहिला की झाकण बसत नाही, हवा आत जाते.

2. रंग अर्ध्याहून कमी असेल तर लहान डब्यात काढा. 4 लिटरच्या डब्यात अर्धा लिटर ठेवलात तर साडेतीन लिटर हवा त्याच्या सोबतीला ठेवली! रंग डब्याच्या गळ्यापर्यंत यायला हवा. इमल्शनला घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी चालते. ऑइल पेंटला पत्र्याचाच डबा घ्या.

3. ऑइल पेंटवर थोडं टर्पेंटाइन अलगद ओता आणि ढवळू नका. वरचा थर हवेला अडवतो. वापरायच्या वेळी ढवळून घ्या.

4. डब्याच्या तोंडावर प्लास्टिकचा जाड कागद ठेवा, वर झाकण, झाकणावर लाकडाची पट्टी, आणि मग हातोडी. थेट झाकणावर हातोडी मारली की कड वाकते आणि तो डबा पुन्हा नीट बंद होत नाही.

काही जण डबा उलटा ठेवतात. झाकण पक्कं असेल तर त्याची गरज नाही, आणि पक्कं नसेल तर सकाळी फरशी रंगलेली असते.

एक कडक नियम: रंग किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरायचं नाही. घरात लहान मुलं असतात. चुकून कुणी तोंडाला लावलं तर त्याची भरपाई कुठल्याच धंद्यात होत नाही.

लेबल नसलेला डबा म्हणजे डेड स्टॉक

मार्करनं डब्याच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. कंपनी आणि प्रॉडक्टचं नाव, शेड नंबर, बेस, कुठल्या साईटची कुठली खोली, आणि डबा उघडल्याची तारीख. शेजारी त्याच रंगाचं एक बोट ओढा.

बेस का लिहायचा? मशीनवर शेड बनते ती बेसमध्ये रंगद्रव्य घालून. तीच शेड दुसऱ्या प्रॉडक्टमध्ये बनवली तर चमक वेगळी येते. आणि मशीनवर बनवलेली शेड दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून हा डबा सांभाळणं तुमच्याच हातात आहे.

ठेवायचं कुठे?

पत्र्याच्या शेडखाली नको, मे महिन्यात तिथे भट्टी असते. थेट फरशीवरही नको. पावसाळ्यात ओल धरून डब्याचा तळ गंजतो, आणि कोकणात तर हे फार लवकर होतं. भिंतीपासून थोडी सोडून लाकडी फळी टाका, त्यावर डबे ठेवा.

ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन पेट घेतात. गॅस, देवघरातली समई, विजेचा मीटर, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब ठेवा. ऑइल पेंटची किंवा जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना गरम होतात आणि ढिगात आपोआप पेटू शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.

वर्षानं डबा उघडला, आता?

आधी वास घ्या. आंबूस, कुजका वास आला तर तो रंग भिंतीला लावायचा नाही, कारण वास खोलीत राहतो. मग ढवळा. तळाशी बसलेला रंग वर येऊन एकजीव झाला तर उत्तम. नासलेल्या दुधासारख्या गाठी राहिल्या तर रंग संपला. ऑइल पेंटवर साय असेल तर ती ढवळून मोडू नका, कडेनं कापून अख्खी उचला. मग जुन्या सुती कापडातून रंग गाळा, पुठ्ठ्यावर एक हात मारा आणि रात्रभर सुकू द्या.

जुन्या भिंतीवर नुसता ठिपका भरला तर तो दिसतो, कारण भिंत तोवर फिकी झालेली असते. रंग पुरेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारा.

खूप जुने डबे मिळाले तर सावध राहा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम केंद्र सरकारनं 2016 साली केला. त्याआधीचा डबा स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका.

खराब रंग गटारात ओतायचा नाही. त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून सुकवा. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणून ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्या.

आता धंद्याची गोष्ट

उरलेला रंग कुणाचा? काम फक्त मजुरीवर घेतलं असेल तर रंग ग्राहकाचा, विषय संपला. मटेरियलसह घेतलं असेल तर कोटेशनमध्येच एक ओळ लिहा: उरलेला रंग कोण ठेवणार. न विचारता उचललेला दोन लिटर रंग चारशे रुपये देतो, पण सोसायटीतली पुढची चार कामं घालवतो.

माझा सल्ला असा: प्रत्येक शेडची अर्ध्या लिटरची एक बरणी लेबल लावून, काम संपल्यावर ग्राहकाच्या हातात द्या. सोबत तुमचा नंबर. पुढच्या पावसात खिडकीखाली पोपडा आला की ती बरणी बाहेर निघेल, आणि फोन तुम्हालाच येईल.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातले, दुकानातले, साईटवरचे सगळे उघडे डबे एका जागी आणा. वास घ्या, ढवळा, लेबल लावा. चांगल्या रंगाचे लिटर मोजा, खरेदीच्या दरानं गुणा आणि तो आकडा वहीत लिहा. पुढची बादली विकत घ्यायच्या आधी ते पान उघडायचं.