घर घेतले, आता घर सांभाळूया

या धड्यात आपण पाहू: घराचा खरा मासिक खर्च कसा काढायचा, पहिल्या वर्षी पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे, आणि कोणती कागदपत्रे व कामे मागे ठेवायची नाहीत.

एक अनुभव

आमच्या शाखेतील एका जोडप्याने पाच वर्षे पै-पै साठवून घर घेतले. नवऱ्याला वर्कशॉपमध्ये ३०,००० रुपये पगार, बायकोचे शिवणकामाचे १२,००० रुपये. घराची किंमत २५ लाख. त्यातले २० लाख कर्ज. नोंदणीचा सगळा खर्च भागवून खात्यात १,४०,००० रुपये उरले होते.

वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून त्यांनी सोफा, कपाट, पलंग, टीव्ही घेतला. शिल्लक संपली आणि वर ४,२०० रुपयांचा वेगळा हप्ता मागे लागला. चौथ्या महिन्यात नवऱ्याच्या हाताला दुखापत झाली. दोन महिने पगार नाही. गृहकर्जाचा एक हप्ता परत गेला, दंड लागला. दुसऱ्या हप्त्याच्या आधी ताई हातातल्या बांगड्या घेऊन सोनेतारण कर्जासाठी काउंटरवर आल्या.

या दोघांनी उधळपट्टी केली असे म्हणता येणार नाही. घर ताब्यात आले म्हणजे खर्च संपला, असे त्यांना वाटले. बहुतेकांना तसेच वाटते.

घराचा खरा मासिक खर्च

२० लाख रुपये, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत धरली तर हप्ता १७,३५६ रुपये येतो. पण घर एवढ्यावर चालत नाही. त्यांच्यासोबत बसून आम्ही हा हिशेब मांडला:

• कर्जाचा हप्ता – १७,३५६ रुपये
• सोसायटीचा मेंटेनन्स – १,२०० रुपये
• घरपट्टी (वर्षाला ६,०००) – ५०० रुपये
• घराचा विमा (वर्षाला १,८००) – १५० रुपये
• दुरुस्तीसाठी बाजूला – १,००० रुपये
• एकूण – २०,२०६ रुपये

म्हणजे हप्त्यापेक्षा दरमहा २,८५० रुपये जास्त; वर्षाला ३४,२००. घरपट्टी आणि विमा वर्षातून एक-दोनदाच भरायचे असतात, म्हणून ते विसरले जातात आणि मग उसनवारी करून भरले जातात. त्यांना महिन्यावर वाटून घ्या.

आधी गंगाजळी, मग फर्निचर

ताबा मिळाल्यावर हाती जी रक्कम उरते, तिच्यातून सर्वप्रथम तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा. वरील उदाहरणात घराचे तीन महिन्यांचे ६०,६१८ रुपये. किराणा, शाळा, औषधे यांचे महिन्याला १५,००० धरले तर आणखी ४५,०००. एकूण १,०५,६१८ रुपये. १,४०,००० मधून ही रक्कम वेगळी ठेवली असती, तरी ३४,३८२ रुपये हातात राहिले असते. त्यात पंखे, दिवे, दाराचे चांगले कुलूप, खिडकीची जाळी आणि एक साधा पलंग सहज बसतो. सोफा वर्षभराने आला असता.

गंगाजळी बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. पुढे ती हळूहळू सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढवा. फर्निचरसाठी वेगळे कर्ज शक्यतो टाळा. गृहकर्जापेक्षा त्याचा व्याजदर साधारणपणे बराच जास्त असतो.

दुरुस्तीचे दरमहाचे पैसे आवर्ती ठेवीत टाका. पोस्टात आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासूनही सुरू करता येते.

पहिल्या पावसाळ्याआधी

गच्चीचा उतार, पन्हळी, बाथरूमचे सांधे आणि खिडकीभोवतीच्या फटी तपासून घ्या. भिंतीला ओल दिसली की लगेच प्लंबरला दाखवा. सुरुवातीला थोडक्यात होणारे काम लांबवले, तर पुढे रंग, गिलावा आणि वायरिंग या तिन्हींचा खर्च अंगावर येतो.

घर नवीन असून प्रकल्प रेरा कायद्याखाली येत असेल, तर एक हक्क लक्षात ठेवा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला आणि तो बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे ही त्याची जबाबदारी असते. तक्रार तोंडी करू नका. फोटो जोडून लेखी द्या आणि पोहोच घ्या.

नाव सगळीकडे लागले का?

खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे सगळीकडे नाव बदलले, असे समजू नका. स्थानिक नोंदीत नाव लावण्यासाठी अनेक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. मध्य प्रदेशात त्याला नामांतरण म्हणतात, बिहारमध्ये दाखिल-खारिज, तर कर्नाटकात खाता बदलणे. घरपट्टी, वीजमीटर आणि पाण्याची जोडणी आपल्या नावावर करून घ्या. सोसायटी असेल तर भागपत्रावर नाव चढवा आणि नामनिर्देशनही भरा.

मूळ कागदपत्रे बँकेत जमा असतात. त्यांच्या यादीची पोहोच आणि सर्व कागदांच्या छायाप्रती घरी एका फाइलीत ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

विमा: कोणाचा आणि कशाचा?

कर्जासोबत घेतलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या जीवनाचा असतो. आग, पूर, भूकंपात घराचे नुकसान झाले तर त्याचा उपयोग नाही. आपली पॉलिसी काढून वाचा. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून उपलब्ध आहे. विमा घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाइतका घ्या. त्यात जमिनीची किंमत धरू नका.

जास्तीचा पैसा आला तर

वरील कर्जाच्या पहिल्या हप्त्यात १४,१६७ रुपये व्याज असते आणि मुद्दल फक्त ३,१८९ रुपयांनी कमी होते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत केलेली जादा परतफेड फार कामाची ठरते. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला, व्याजदर तोच राहिला, तर हे कर्ज तीन वर्षांहून अधिक काळ आधी फिटते. व्यक्तींनी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशा परतफेडीसाठी दंड नाही. मात्र गंगाजळी मोडून कर्ज फेडू नका.

आणि अडचण आलीच, तर हप्त्याच्या तारखेआधी शाखेत या. हप्ता थकला की पतनोंदीवर परिणाम होतो. ९० दिवसांहून अधिक थकला तर खाते अनुत्पादित ठरते. आधी आलात तर मार्ग शोधायला वेळ मिळतो.

त्या जोडप्याचे काय झाले? ताईंनी वेळेत सोने तारण ठेवल्यामुळे दुसरा हप्ता चुकला नाही. हात बरा झाला, फर्निचरचा हप्ता फिटला आणि मग ते ४,२०० रुपये त्यांनी आधी बांगड्या सोडवायला आणि नंतर आवर्ती ठेवीत वळवले. यंदा गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्यांनी ठेवीतूनच केले.

स्वतः करून पहा

१. वरच्याप्रमाणे आपल्या घराचा खरा मासिक खर्च लिहा.
२. तो खर्च आणि घरखर्च मिळून तीन महिन्यांची रक्कम किती होते? आज त्यातली किती शिल्लक आहे?
३. घरपट्टी, वीज आणि पाणी यांच्या ताज्या बिलांवर कोणाचे नाव आहे ते आज तपासा.
४. आपल्याकडील विमा जीवनाचा आहे की घराचा, ते पॉलिसीवर पाहून नोंदवा.