अनुभवी शिक्षक आणि विशेष शिक्षण

वर्गात ‘ढ’ ठरलेल्या मुलास कदाचित शब्द नीट ऐकू येत नसतील, किंवा अक्षरे ओळखणेच कठीण जात असेल. मूल मागे पडते, हे अनुभवी शिक्षकास कळते. कारण ओळखून उपाय योजण्यास मात्र विशेष अभ्यास लागतो. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या विशेष शिक्षणाच्या बी.एड. अभ्यासक्रमात मुलाच्या क्षमतांचे मूल्यमापन व त्याच्यापुरता स्वतंत्र अध्यापन-आराखडा शिकविला जातो, एम.एड.मध्ये संशोधनाची जोड मिळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शिक्षकांना असे प्रशिक्षण देणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणून अनुभवी शिक्षकास या अभ्यासासाठी सवड देणे व त्याच्या वर्गाची पर्यायी व्यवस्था लावणे, हे उपकार नसून कर्तव्यपालनच होय.