बालेवाडीचे विजेते आणि माझा एम-थ्री

"मराठी विभागात टेनिसवर लेख? कोण वाचणार?" असं माझ्या रूम पार्टनरने आधीच विचारून ठेवलं आहे. प्रश्न बरोबर आहे. आपल्या होस्टेलवर क्रिकेट रात्री दोनपर्यंत चालतं, टेनिस मात्र फक्त विम्बल्डनच्या फायनलपुरतं. पण हा लेख विम्बल्डनवर नाहीच. तो आपल्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात बालेवाडीला होणाऱ्या एका दुय्यम दर्जाच्या स्पर्धेवर आहे. तिचं नाव चॅलेंजर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सेकंड इयरच्या पहिल्या सेमचा निकाल लागला आणि एम-थ्रीत माझा बॅक राहिला. घरी सांगायची हिंमत नव्हती. तारकपूरवरून एसटी पकडली, वाकडेवाडीला उतरलो आणि थेट आतेभावाच्या खोलीवर गेलो. कॉलेज सोडून कुठंतरी कामाला लागावं, हे मनात पक्कं झालं होतं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नंतर बोलू. आधी चल, मॅच बघून येऊ."

बालेवाडीचं क्रीडासंकुल म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं. आम्ही एका बाजूच्या कोर्टवर बसलो. बघायला मोजून वीस-पंचवीस माणसं. दोन परदेशी पोरं जिवाच्या आकांताने खेळत होती. जो हरला तो डोक्यावर टॉवेल घेऊन बराच वेळ बसला. मग त्याने आपल्या रॅकेट स्वतःच पिशवीत भरल्या आणि निघाला. मी म्हटलं, "आता हा काय करणार?" दादा म्हणाला, "काय करणार? पुढच्या आठवड्यात दिल्लीला स्पर्धा आहे. तिथं परत पहिल्यापासून."

त्या रात्री मी हा सगळा प्रकार समजून घ्यायला बसलो. तो थोडक्यात असा.

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसला तीन मजले आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर गावच्या जत्रेतला हगामा आठवा. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या आणि शेवटी मानाची कुस्ती. टेनिसमध्ये तळाला आयटीएफच्या छोट्या स्पर्धा, मधे चॅलेंजर आणि वर एटीपी टूर व चार ग्रँड स्लॅम. चॅलेंजरमध्येही ५०, ७५, १००, १२५, १७५ असे प्रकार आहेत. हा आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. चॅलेंजर १०० जिंकली तर १०० गुण, ग्रँड स्लॅम जिंकली तर २०००. आणि हे गुण कायमचे नसतात. ५२ आठवड्यांनी ते गळून पडतात, म्हणजे दरवर्षी नव्याने कमवायचे.

एकेरीच्या ड्रॉमध्ये ३२ खेळाडू असतात. ३२ म्हणजे दोनचा पाचवा घात, म्हणून विजेत्याला पाच सामने जिंकावे लागतात. दुसऱ्या बाजूने बघा. दर आठवड्याला ३२ पैकी ३१ जण हरूनच घरी जातात. एकाच विषयात एवढा निकाल लागला तर आपण आंदोलन करू! इथं मात्र तो नेहमीचाच निकाल आहे.

पुण्यातली चॅलेंजर २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत एकूण बक्षीस ५० हजार डॉलर, तेही सगळ्यांत वाटून. २०२० ते २०२२ ही तीन वर्षं ती झाली नाही. २०२३ पासून ती महा ओपन या नावाने, १०० गुणांची म्हणून पुन्हा भरू लागली. २०२५ पर्यंतचे एकेरीचे विजेते असे:

२०१४ – युईची सुगिता (जपान)
२०१५ – युकी भांब्री (भारत)
२०१६ – सादिओ दुम्बिया (फ्रान्स)
२०१७ – युकी भांब्री (भारत)
२०१८ – एलियास यमर (स्वीडन)
२०१९ – जेम्स डकवर्थ (ऑस्ट्रेलिया)
२०२३ – मॅक्स पर्सेल (ऑस्ट्रेलिया)
२०२४ – व्हॅलेंटिन व्हाशेरो (मोनॅको)
२०२५ – दालिबोर स्वर्चिना (चेक प्रजासत्ताक)

पहिल्या वाचनात मला यातलं एकही परदेशी नाव ओळखीचं वाटलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही. पण ही यादी तारखा लावून वाचायची असते.

सुगिता पुण्यात जिंकला तेव्हा २६ वर्षांचा होता. पहिली एटीपी टूर स्पर्धा त्याने जिंकली ती २०१७ मध्ये, तुर्कस्तानात अंतल्याला, आणि त्याच वर्षी तो जगात ३६ वा झाला. म्हणजे पुण्यानंतर तीन वर्षांनी. डकवर्थच्या शरीरावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुण्यानंतर दोन-सव्वादोन वर्षांनी, २०२२ च्या सुरुवातीला, तो ४६ व्या क्रमांकावर पोचला.

उलट उदाहरणही सांगायला पाहिजे, नाहीतर हा लेख नुसतं भाषण होईल. यमर १०५ व्या क्रमांकापर्यंत गेला, पण पहिल्या शंभरात काही आला नाही. दुम्बियाचं नाव झालं ते एकेरीत नव्हे, दुहेरीत. चॅलेंजर जिंकली म्हणजे पुढचं सगळं पक्कं, असं अजिबात नाही.

आता आपला युकी. २००९ मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता होता, पण पुढे दुखापतींनी पुन्हा पुन्हा अडवलं. २०१७ च्या पुण्याच्या फायनलला समोर रामकुमार रामनाथन. पहिला सेट ४-६ गेला, पुढचे दोन ६-३, ६-४ घेतले. २०१८ मध्ये युकी ८३ व्या क्रमांकावर पोचला. नंतर तो दुहेरीकडे वळला आणि २०२५ च्या यूएस ओपनमध्ये दुहेरीची सेमीफायनल खेळला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो या यादीत नसलेला माणूस, प्रज्ञेश गुणेश्वरन. गुडघ्याच्या दुखण्याने त्याची उमेदीची वर्षं गेली. २०१६ ला पुण्याच्या फायनलमध्ये तो दुम्बियाकडून हरला. २०१८ ला पुन्हा फायनल, यमरकडून हरला. विजेत्यांच्या यादीत त्याला जागा नाही. आणि २०१९ मध्ये हाच प्रज्ञेश जगात ७५ वा झाला आणि त्या एका वर्षात चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत खेळला.

शेवटी व्हाशेरो. मी बालेवाडीला गेलो ती २०२४ ची स्पर्धा त्यानेच जिंकली. मी बघितलेल्या सामन्यात तो नव्हता, एवढं मला नंतर कळलं. तो अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत कॉलेज टेनिस खेळलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो शांघाय मास्टर्सला गेला तेव्हा त्याचा क्रमांक होता २०४. पात्रता फेरीतही राखीव यादीतून जागा मिळाली. तिथून तो एकेक सामना जिंकत गेला. सेमीफायनलला जोकोविचला हरवलं. फायनलला समोर कोण, तर सख्खा मावसभाऊ म्हणावा असा नात्यातलाच आर्थर रिंडरक्नेश. पहिला सेट गमावून व्हाशेरोने फायनल जिंकली. मास्टर्स जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू याआधी झाला नव्हता.

ती बातमी मी मेसमध्ये मोबाइलवर वाचली आणि जेवण तसंच राहिलं. बालेवाडीच्या त्या रिकाम्या खुर्च्या डोळ्यांपुढे आल्या.

यातून "प्रयत्ने वाळूचे कण" वगैरे मी सांगणार नाही. मला समजलं ते एवढंच, की हरणं हा या व्यवस्थेतला अपघात नाही, ती तिची रचनाच आहे. ३२ मधले ३१ हरणारच. फरक पडतो तो पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेला नाव द्यायचं की नाही, यात. आपली परीक्षा तर त्याहून सोपी आहे. इथं दुसऱ्याला हरवावं लागत नाही, आणि एकदा सुटलेला विषय ५२ आठवड्यांनी परतही येत नाही.

त्या रात्री दादाच्या फोनवरून मी घरी सगळं सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "फॉर्म कधी भरायचाय?"

एम-थ्री तिसऱ्या प्रयत्नात सुटला. आता मी फायनल इयरला आहे. कुणाचा राहिला असेल तर लाजू नका, रूमवर या. लाप्लासची माझी वही अजून शाबूत आहे.