मुळांना पाणी हवे, हवाही हवी

मित्रांनो, आपल्या सेवाग्रामच्या आश्रमातला पिंपळ तुम्ही पाहिलाच असेल. बापूंनी तो १९३६ साली लावला. एवढ्या उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसे पोचते? तिथे ना मोट, ना पंप!

पाणी घेण्याचे काम मुळे करतात. मुळाच्या टोकाच्या जरा मागे केसांसारखे बारीक धागे असतात. त्यांना मूलरोम म्हणतात. ओल्या फडक्यावर मोहरी पेरून झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांनी मुळांवर पांढरी लव दिसेल. तेच मूलरोम. ते मातीच्या कणांमध्ये शिरतात.

मनुका पाण्यात टाकली की फुगते. तिच्या आतला रस दाट, म्हणून बाहेरचे पाणी आत शिरते. मुळातही असेच होते. याला परासरण म्हणतात. पुढे हे पाणी खोडातल्या जलवाहिन्यांतून वर चढते. पानांतून पाण्याची वाफ उडते, तसे खालचे पाणी वर ओढले जाते. तेरड्याचे रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवा. खोडात लाल रेषा दिसतील.

नत्र, स्फुरद, पालाश यांचे क्षार मातीतल्या पाण्यात विरघळलेले असतात. ते आत ओढून घ्यायला मुळांना शक्ती लागते. ती श्वासोच्छ्वासातून मिळते. म्हणजे मुळांनाही हवा लागते!

मागच्या पावसाळ्यात झड लागली आणि आमच्या वावरात पाणी साचले. ऊन पडताच पऱ्हाटीची पाने लोंबू लागली. बाबा म्हणाले, "पाणी तं भरपूर हाये, मंग पऱ्हाटी कामून सुकली?"

कारण हेच. आपली काळी माती चिकण आहे. तिच्यात पाणी तुंबले की कणांमधली हवा निघून जाते. मुळे गुदमरतात, त्यांना पाणी नीट घेता येत नाही. झाड पाण्यात उभे, तरी तहानलेले!

बाबांनी उताराकडे चर खणून पाणी काढून दिले. काही झाडे वाळली, पण बरीच सावरली.

पालकांनो, वावरात पाणी साचू देऊ नका. चर आधीच काढून ठेवा. वाफसा आला की डवरणी करा. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. मुळांना दोन्ही लागतात.