सातबारा आणि विकास योजनेचा नकाशा

शहराच्या वेशीनजीक ज्यांची शेती आहे, अशा पुष्कळ बांधवांची समजूत असते की, सातबारा निर्वेध आहे तोवर आपल्या जमिनीस कसलीही बाधा नाही. ही समजूत अपुरी आहे. जमीन कोणाची व तीत काय पिकते, हे सातबारा सांगतो. पुढे तिचा उपयोग कशासाठी करता येईल, हे विकास योजनेचा नकाशा सांगतो. म्हणून ह्या दुसऱ्या कागदाची माहिती आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा 1915 साली झाला. 1954 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर आपल्या सर्व हद्दीची विकास योजना करण्याचे बंधन घातले. आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 ह्याने प्रादेशिक योजनांच्या द्वारे हे नियोजन शहराबाहेरील खेड्यांपर्यंत नेले. वस्ती कोठे, कारखाने कोठे, शेती कोठे, हे योजनेत ठरते. रस्ते, शाळा, बागा ह्यांसाठी जागाही राखून ठेवितात.

समजा, एका खातेदाराच्या दोन एकरांपैकी वीस गुंठ्यांवर क्रीडांगणाचे आरक्षण पडले. आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. जमीन त्याच्याच नावे राहते व तो ती कसू शकतो. शेतीच्या नेहमीच्या कामासाठी विहीर खणण्यास, किंवा केवळ शेतात जाण्यापुरता रस्ता करण्यास, ह्या कायद्याखालील परवानगी लागत नाही. परंतु तेथे मुलासाठी घर बांधू म्हटले तर परवानगी मिळत नाही. विकू म्हटले तर गिऱ्हाईक मागे सरते. आणि मोबदला तर संपादन होईल तेव्हाच.

यास्तव पहिला उपाय वेळेवर करावयाचा. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात येते. तीत दिलेल्या मुदतीत नकाशा समक्ष पाहावा, आपला गट नंबर ओळखावा व हरकत लेखी द्यावी. नुसते 'अन्याय झाला' असे लिहून भागत नाही. विहीर, जलवाहिनी, राहते घर ह्यांच्या जागा मोजणीच्या नकाशावर दाखवाव्या. जवळ सोयीची सरकारी जमीन असल्यास तीही सुचवावी. अर्जाची पोच घ्यावी व सुनावणीस स्वतः हजर राहावे.

दुसरा उपाय कलम 127 चा. अंतिम योजना अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने हक्काच्या कागदांसह संबंधित प्राधिकरणास नोटीस द्यावी. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन अथवा त्याची कारवाई सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. 2015 च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत 12 महिन्यांची होती. केवळ प्रस्ताव पाठविणे म्हणजे कारवाई नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात 2007 साली ठरविले. दहा वर्षे भरताच आरक्षण आपोआप उठते, असे मात्र कोणी समजू नये. नोटिशीवाचून ते उठत नाही.

शेवटी एक सूचना. भावाभावांत वाटणी करण्यापूर्वी नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा अवश्य काढावा. एकाच्या वाट्यास मोकळी जमीन व दुसऱ्याच्या वाट्यास आरक्षणाचे वीस गुंठे गेले, तर बांध सारखे पडूनही वाटणी सारखी होत नाही.